सोळाव्या वाढदिवसाआधीचे आठ महिने: अमळनेर तालुक्यातल्या एका बॅले नर्तकीचं प्रकरण

मी जळगावात दहावी-बारावीच्या मुलांना शिक्षण आणि करिअरबद्दल सल्ला देण्याचं काम करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा बॅलेबद्दल मला फारसं काही ठाऊक नव्हतं. मुलीचं, गावाचं, शाळेचं, थिएटरचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याला घरच्यांची परवानगी आहे. मुलीची आई म्हणाली, "ताई, आम्ही चाचपडत चाचपडत जे शिकलो, ते दुसऱ्या कुणाला आधीच कळलं तर बरं."

पार्श्वभूमी

घर अमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठच्या एका गावातलं. शेती कोरडवाहू: कपाशी, रब्बीला थोडी दादर ज्वारी. घरात बोलणं अहिराणीत. वडील एकुलते एक. शिकून पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अभियंता झाले आणि तिथून नोकरीनिमित्त ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, जर्मनीला गेले. तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, धाकटा भाऊ चार वर्षांचा.

पहिलं वर्ष मुलीला जड गेलं. वर्गात ती गप्प असायची. शेजारच्या बाईंची मुलगी बॅलेच्या शिकवणीला जायची, तिच्याबरोबर हिलाही धाडलं. हेतू एवढाच की चार मुलींत मिसळावी. पण त्या खोलीत एक वेगळीच गोष्ट घडली. बॅलेची भाषा जगभर फ्रेंच आहे. चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची राजेशाही अकादमी काढली, तेव्हापासून पावलांची नावं तीच चालत आली. प्लिए, तांद्यू, रों द जांब हे शब्द जर्मन मुलींनाही नव्यानं पाठ करावे लागत होते. त्या एका तासात ही मुलगी कुणाच्या मागे नव्हती. तिच्या बॅलेची सुरुवात मला तरी इथेच दिसते.

अकराव्या वर्षी तिनं व्यावसायिक नर्तक घडवणाऱ्या शाळेची प्रवेश परीक्षा दिली. अशा परीक्षेत नाच थोडा आणि शरीराची पाहणी जास्त असते: मांडी खुब्यातून बाहेर किती वळते, पावलाची कमान कशी आहे, पाठ किती वाकते, हात-पाय-मानेचं प्रमाण कसं आहे. तिला प्रवेश मिळाला. बाराव्या वर्षी ती टाचा उचलून अंगठ्यांच्या टोकावर, म्हणजे पॉइंट शूजवर उभी राहिली. त्यापुढे आठवड्याचे सहा दिवस सकाळी शाळा आणि दुपारपासून नाच.

वडिलांचा मात्र मनात हिशेब होता तो 'अजून दोन वर्षं, मग घरी'. दर वेळी तोच हिशेब पुढे सरकायचा. ब्लू कार्डधारकाला त्या काळी ३३ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मागता यायचा. सहा वर्षं झाली तरी त्यांनी तो मागितला नव्हता. परत जायचंच आहे, तर कायमचा कागद कशाला, असं त्यांना वाटे. त्यांच्या जागी मी असते तर मलाही कदाचित तसंच वाटलं असतं. पुढचा सगळा पेच मात्र ह्याच न मागितलेल्या कागदातून उभा राहिला.

अडचण

मुलगी पंधरा वर्षांची असताना मे महिन्यात गावी नानांना, म्हणजे तिच्या आजोबांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आजी सत्तरीची. शेत बटाईनं देता आलं असतं, पण नानांना उठवायला-बसवायला घरात माणूस हवं होतं. वडिलांनी परतायचं ठरवलं आणि जुलैच्या सुटीत चौघं गावी आले. पावसाळा होता, कानबाईचे, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाचे, दिवस जवळ आले होते. त्याच आठवड्यात आई मला भेटायला आली.

तिचा प्रश्न सरळ होता: "बॅले पुढे चालू राहील असं भारतात काही आहे का?"

मीही तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला लागले. ही माझी पहिली चूक. मुलीचा जर्मनीतला परवाना कशावर उभा आहे, हे मी तिसऱ्या भेटीत विचारलं. तो वडिलांच्या परवान्याला बांधलेला होता. वडिलांनी नोकरी सोडून देश सोडला की आईचा, मुलीचा, मुलाचा, सगळ्यांचाच आधार जाणार होता. मुलीला सोळा पूर्ण व्हायला तेव्हा आठ महिने बाकी होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुंबईचा. तो पोकळ नव्हता. येहुदा माओर ह्या परदेशी शिक्षकाच्या हाताखाली मुंबईत शिकलेला, वेल्डरचा मुलगा असलेला आमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, हे सगळ्यांच्या वाचनात होतं. पण आपल्या देशात असं एकही सरकारी किंवा महापालिकेचं नाट्यगृह नाही जिथे बॅले नर्तकांना महिन्याचा पगार मिळतो. म्हणजे मुंबईत शिकूनही नोकरीसाठी परत बाहेरच जायचं, आणि तेही शून्यातून व्हिसा काढून. शिवाय ह्या मुलीची तयारी आधीच पुढच्या टप्प्यावर होती. तिच्या वयाचे, तिच्या पातळीचे दहा-बारा जण रोज एका खोलीत असणं ही तिची गरज होती, आणि तसं इथे जमणं अवघड होतं.

दुसरा पर्याय: आता परतायचं आणि अठराव्या वर्षी विद्यार्थी व्हिसावर पुन्हा जायचं. जर्मनीत बहुतेक सरकारी उच्च शिक्षणसंस्था फी घेत नाहीत, ही जमेची बाजू. पण विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत अडकवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो आहे. त्याहून मोठी अडचण वयाची. बॅलेत पंधरा ते अठरा हीच वर्षं पाया भरण्याची. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची १९७३ पासून चालणारी प्रसिद्ध स्पर्धा नेमकी ह्याच वयोगटासाठी असते. ती वर्षं घराच्या माडीवर एकटीनं काढून अठराव्या वर्षी परीक्षा द्यायची, ह्यात धोका उघड होता.

तिसरा: आईनं मुलांना घेऊन तिथेच थांबायचं. कागदोपत्री हे शक्यच नव्हतं, कारण आईचा परवानाही वडिलांवरच होता.

चौथा पर्याय मला सुचला नाही. मुलीच्या शाळेतल्या एका बाईंनी जर्मनीतल्या परदेशी नागरिकांच्या मोफत सल्ला केंद्राचा पत्ता दिला आणि तिथे तो कळला. तिथल्या वास्तव्य कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे, कुटुंबाबरोबर आलेल्या मुलाकडे सोळावं वर्ष पूर्ण होताना सलग पाच वर्षांचा परवाना असेल, तर त्याला स्वतःच्या हक्काचा कायम परवाना मिळतो. आईवडिलांचा परवाना पुढे टिको न टिको. हिच्याकडे सहा वर्षं होती. फक्त सोळाव्या वाढदिवशी तिचा परवाना जिवंत असायला हवा होता, म्हणजे तोवर वडिलांनी नोकरी सोडायची नव्हती.

आठ महिने. एका बाजूला अंथरुणाला खिळलेले नाना, दुसऱ्या बाजूला मार्चमधली एक तारीख.

निर्णय

ह्या घरात निर्णय बंद दाराआड झाला नाही. ओट्यावर झाला, नाना खाटेवर आणि बाकीचे भोवती. मला वाटलं होतं की विरोध 'पोरगी नाचणार' ह्यावरून होईल. तसं कुणी काही बोललं नाही. नानांची जीभ जड झाली होती, पण त्यांनी विचारलं ते शेतकऱ्याचं विचारणं होतं. ह्या कामाचा हंगाम किती वर्षांचा? नातीनं सांगितलं, पस्तीस, फार तर चाळीस. त्यांचा पुढचा प्रश्न: मग फरदड घेता येते का?

कपाशीचा मुख्य बहार संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पाणी देऊन जे पीक घेतात, ती फरदड. बोंडअळीमुळे ती घेऊ नका असं कृषी विभाग सांगतो. नानांना म्हणायचं होतं की पस्तिशीनंतर त्याच पायांवर पोट भरायची वेळ येऊ नये. त्या प्रश्नानं मी माझ्या वहीचं पान उलटलं आणि 'चाळिशीनंतर' असं शीर्षक लिहिलं. तोवर सगळी चर्चा अठरा वर्षांपर्यंतच येऊन थांबत होती.

ठरलं ते असं. आई आणि धाकटा मुलगा गावी राहतील, आई नानांचं बघेल. वडील आणि मुलगी परत जातील, वडील वाढदिवसापर्यंत नोकरी करतील. परवाना हातात आला की मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहील आणि वडील घरी येतील. शालेय शिक्षण सोडायचं नाही, ही नानांची अट.

आईच्या वाट्याला काय आलं, हे अशा कहाण्यांत सहसा एका ओळीत उरकतात. सहा वर्षं परदेशात राहिलेली बाई, चौथीतल्या मुलाला घेऊन सासरी परतली. मुलाला मराठी वाचता येत नव्हतं. नानांचं दोन वेळचं अंग पुसणं, घास भरवणं, फिजिओथेरपीसाठी अमळनेरला नेणं-आणणं तिच्या एकटीवर पडलं. जूनमध्ये नवरा परतला तेव्हा तिचं वजन सहा किलोनं उतरलं होतं. मुलीच्या यशाच्या गोष्टीत हे आकडे मोजले गेले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

पाय

मधल्या काळात, त्याच पावसाळ्यात, एक अपघात झाला. त्यातला बराच भाग टळण्यासारखा होता.

सुटीत सराव बुडू नये म्हणून मुलगी माडीवर रोज तीन तास नाचायची. खाली शहाबादी फरशी, तिच्याखाली काँक्रीट. बॅलेच्या सराव खोलीची जमीन लवचीक असते. फळ्यांखाली पोकळी किंवा रबराचे ठोकळे असतात, त्यामुळे उडी मारून उतरताना बसणारा धक्का जमीन थोडा गिळते. फरशी काहीच गिळत नाही, सगळा धक्का हाडांत जातो. तीन आठवड्यांनी तिच्या उजव्या पावलाच्या मध्यावर दुखू लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. रविवारी घरात कानबाई बसली होती. रोटांसाठी भाऊबंद जमले होते. ती वाढायला उठली तेव्हा आजीनं तिची चाल बघितली आणि विचारलं, "तुना पायले काय व्हयनं वं माय?"

जळगावला एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. मुकामार आहे, मलम लावा, असं सांगितलं गेलं. तिनं आणखी पाच दिवस सराव केला. मग एमआरआय झाला आणि त्यात दुसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडाच्या मुळाशी बारीक तडा दिसला. ही नर्तकांची नेहमीची जागा आहे, आणि असा तडा सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता: पाळी नियमित येते का? चार महिने आली नव्हती. आईलाही माहीत नव्हतं. रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं, लोहाचा साठाही कमी. मुलगी शाकाहारी, तिकडे दुपारी शाळेत सॅलड आणि ब्रेड खाऊन पाच-सहा तास नाचणारी. शरीराला लागतं त्यापेक्षा ऊर्जा सतत कमी पडली की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या ह्या स्थितीला वेगळं नाव देऊन तिची व्याख्या केली. फरशीनं तडा पाडला खरा, पण हाड आधीपासून तयार नव्हतं.

पायाला बूट आणि सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आजीनं कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, तूप असं सुरू केलं. आहारतज्ज्ञानं त्यात दूध-दही आणि लोहाच्या गोळ्या घातल्या. पाळी परत यायला पाच महिने लागले. शाळेला कळवायचं की नाही, ह्यावर घरात दोन दिवस वाद झाला. कळवलं तर जागा जाईल ही भीती होती. वडिलांनी कळवलं. शाळेनं तिला तीन महिने बसून आणि झोपून करायचे व्यायाम दिले आणि जागा राखली. लपवलं असतं तर ती पहिल्याच आठवड्यात उड्या मारायला उभी राहिली असती.

पुढे काय झालं

मार्चमध्ये वाढदिवस झाला. अर्ज, मुलाखतीची तारीख, कागदांची फाईल ह्यांत आणखी दहा आठवडे गेले, तोवर वडिलांनी राजीनामा दिला नाही. परवाना हातात आला. वर्गमैत्रिणीच्या आईला शाळा आणि दवाखान्यासाठीचं लेखी अधिकारपत्र दिलं आणि जूनमध्ये वडील गावी आले. कायम परवान्याचीही एक अट असते: सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर तो सहसा रद्द होतो. म्हणून ती आजही गावी येते ती सहा आठवड्यांसाठीच.

पुढच्या पावसाळ्याआधी गावातल्या सुतारानं माडीवर दहा बाय बारा फुटांची जमीन बसवली. खाली रबराचे ठोकळे, त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या, वर प्लायवूडचे दोन थर, त्यावर विनाइल. बारसाठी, म्हणजे सराव करताना धरायच्या दांडीसाठी, प्लंबरनं कमरेच्या उंचीला जीआय पाइप ठोकून दिला.

सोळाव्या वर्षीच तिला नृत्याच्या पदवी अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. तिथे रंगाचा प्रश्न समोर आला. बॅलेचे मोजे आणि शूज पायाची रेष अखंड दिसावी म्हणून कातडीच्या रंगाचे असतात, पण ती कातडी गोरी धरलेली असते. लंडनच्या फ्रीड कंपनीनं बॅले ब्लॅक ह्या नृत्यसंस्थेच्या साथीनं तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले ते २०१८ मध्ये. त्याआधीची रीत म्हणजे शूजना चेहऱ्याचा मेकअप फासायचा. हिनं मोजे चहाच्या काढ्यात बुडवून रंगवले. सुटीत आजीच्या पातेल्यात हे काम चालायचं. शिक्षिकेनं आधी हरकत घेतली, मग आरशातली रेष बघून ती मागे घेतली.

आणखी एक प्रसंग. वार्षिक प्रयोगात मारियुस पेतिपा ह्या नृत्यरचनाकारानं १८७७ मध्ये रशियात पीटर्सबर्गला बसवलेल्या 'ला बायादेर' ह्या बॅलेचा अंश होता. कथा भारतातल्या देवळातल्या नर्तकीची, हात-कपडे सगळं कल्पनेतलं. 'तू भारतीय आहेस, मुद्रा तपासून दे' असं तिला सांगण्यात आलं. तिनं नम्रपणे सांगितलं की मी भरतनाट्यम शिकलेले नाही, मला कपाशी वेचताना हात कसे चालतात ते माहीत आहे. आणि मग १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळून खऱ्या देवदासी पॅरिसला जाऊन नाचल्या होत्या, त्यांची माहिती तिनं वर्गात मांडली. तिला त्या अंशातली मुख्य भूमिका मिळाली नाही. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता का, हे तिलाही सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षी नोकरीसाठीच्या चाचण्या सुरू झाल्या. तिनं चाळीसएक ठिकाणी व्हिडिओ पाठवले, अकरा ठिकाणांहून बोलावणं आलं. रात्रीच्या बसनं जायचं, सकाळी दंडावर नंबर लावून वर्गात उभं राहायचं. बारपाशीच काहींचे नंबर कापले जातात, कारण कुणी सांगत नाही. दोन ठिकाणी तिला पहिल्या अर्ध्या तासात घरी पाठवलं. पण जिथे निवड झाली, तिथे कायम परवान्याचा सरळ उपयोग झाला. वर्क परमिट लागणार नाही हे अर्जातच लिहिता आलं आणि थिएटरला तिच्यासाठी वेगळी कागदपत्रं करावी लागली नाहीत.

जर्मनीत सुमारे १४० सरकारी थिएटरं आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची स्वतःची नृत्यमंडळी आहे. ती एका मध्यम शहराच्या थिएटरात आहे. पहिलं वर्ष कमी पगाराच्या शिकाऊ करारावर, मग मंडळीत. एनव्ही ब्यूने नावाच्या सामूहिक करारानं किमान पगार ठरतो. १ जानेवारी २०२३ पासून तो करकपातीआधी महिना २,७१५ युरो झाला. करार एका हंगामाचा असतो. पुढच्या हंगामाला नको असाल तर थिएटरनं साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं, नाही कळवलं तर करार एक वर्ष पुढे जातो. त्यामुळे ह्या घरात दिवाळीच्या आसपास एक फोन ठरलेला असतो. नाना आता काठीनं चालतात. फोनवर ते एवढंच विचारतात: "कागद उना का?" न येणं हीच चांगली बातमी, हे त्यांना पाठ झालं आहे.

ती तिथे 'हंस सरोवरा'तली राणी नाही. अशा थिएटरांत बारा-पंधरा नर्तकांची मंडळी बहुतेक आधुनिक रचना करते, पॉइंट शूज वर्षातून एखाद्या प्रयोगात निघतात. शनिवारी ती लहान मुलांचे वर्ग घेते आणि नृत्यशिक्षकाच्या प्रमाणपत्राचा अभ्यास करते. नानांच्या प्रश्नाचं तिच्याकडून आलेलं हे उत्तर.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, वडिलांनी तिसऱ्या वर्षी कायम परवाना मागायला हवा होता. परतायचं ठरलेलं असलं तरी. तो हातात असता तर आई-वडिलांपैकी कुणीही, हव्या त्या क्रमानं, गावी येऊ शकलं असतं आणि आईचे ते महिने एकटीचे गेले नसते.

माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या. मी मुंबईच्या शोधात तीन आठवडे घालवले आणि परवान्याचा प्रश्न उशिरा विचारला. त्या तीन आठवड्यांत वडिलांनी राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं. कंपनीच्या सुटीमुळे ते गेलं नाही, एवढाच तो योगायोग. दुसरं, रोज पाच-सहा तास शरीर राबवणारी मुलगी समोर बसलेली असताना मी तिच्या जेवणाबद्दल आणि पाळीबद्दल विचारलं नाही. ते डॉक्टरांचं काम, असं मी धरून चालले. आता कुस्ती, धावणं, कथक, काहीही करणारी मुलगी आली तरी मी हे पहिल्या भेटीत आईसमोर विचारते, आणि मग एकटीला पुन्हा विचारते.

एका निर्णयाबद्दल आमचं अजून एकमत नाही. वडिलांना वाटतं, तेवढे महिने धाकट्या मुलालाही तिकडेच ठेवायला हवं होतं, त्याची शाळा तुटली नसती. आई म्हणते, घरात नातू असल्यानं नाना लवकर उठून बसले. मुलगा आता आठवीत आहे आणि अहिराणी बहिणीपेक्षा चांगली बोलतो. जर्मन मात्र तो विसरला.